हलकी रोडस्टर नागपुरात घ्यायची? आधी आरसी पाह, मग चेसिस, रंग सगळ्यात शेवटी

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. नोकरी हिंगणा एमआयडीसीत, हातात साडेसहा लाख, पाना आजवर फक्त सायकलला लावलेला, आणि डोक्यात लोटस सेव्हनसारखी उघडी, दोन सीटची हलकी रोडस्टर. बाहेरून किट मागवू, की इथल्याच कोणाकडून मारुतीच्या इंजिनवर बनवून घेऊ, की जुनी बनलेली घेऊ, आणि घेतलीच तर नागपुरात ती सांभाळणं होईल का, असं विचारलंस.

उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं मागून येतील. बनलेली घे, चालती घे, आणि आरसीवर जी गाडी लिहिली आहे तीच समोर उभी आहे अशी घे. तशी मिळाली नाही तर थांब, पैसे कुठं पळून नाही जात. सांभाळणं नागपुरात होते, अगदी आरामात होते, पण कंपनीच्या गाडीसारखं सर्व्हिस सेंटरला चावी देऊन नाही होत. अशा गाडीत कंपनीचं टेस्टिंग, कंपनीचं मॅन्युअल, कंपनीची वॉरंटी हे सगळं तुझ्याच डोक्यावर येते, हे एकदा मान्य केलं की बाकी काही फार अवघड नाही.

किट म्हणजे काय ते आधी नीट समजून घे, कारण इंटरनेटवर तू जे व्हिडिओ पाहून राहिला ते ब्रिटनमधले आहेत आणि तिथला कायदा वेगळा आहे. लोटस सेव्हन आली १९५७ मध्ये, लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची. त्या काळी तिथं तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांच्या किटवर लागत नसे, म्हणून लोक पेट्या आणून घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत संपली, त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले आणि केटरहॅम आजही ती गाडी बनवते. तिथं आज तू स्वतः एक गाडी बनवली तर त्या एकाच गाडीची सरकारी तपासणी होते, पास झाली की नंबर मिळतो. आपल्याकडे घरी बनवलेल्या एकट्या गाडीला असा सोपा रस्ता नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम १२६ म्हणतो की गाडीचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशा संस्थेकडून पास व्हावा लागतो, आणि तो खर्च शेकड्यांनी गाड्या विकणाऱ्याला परवडतो, तुला मला नाही. म्हणजे बाहेरून किट आणलं, कस्टम ड्युटी भरली, दिवाळीच्या सुट्टीत जोडलं, तरी त्याला एमएच ४९ चा नंबर मिळणार नाही. ती गाडी ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची, बस. आणि ट्रॅक कुठं आहेत? कोइम्बतूरला कारी, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, ग्रेटर नोएडाला बुद्ध. नागपूर देशाच्या मधोमध आहे म्हणून आपण झीरो माईलची लय फुशारकी मारतो, पण त्याचाच अर्थ असा की प्रत्येक ट्रॅक सारखाच लांब.

आता दुसरा पर्याय, जो तुला तुझ्या मित्राने सुचवला म्हणतोस: जुनी मारुती ८०० किंवा जिप्सी घ्यायची, तिचं इंजिन आणि नंबर काढायचा, पाईपची फ्रेम वेल्ड करायची आणि वरून फायबरची बॉडी. हा धंदा करणारे आहेत, सगळीकडेच आहेत. नको करू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही एकच सांगतात, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर जाऊन गाडी बदलता येत नाही. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लोक म्हणतात, अरे कोण पकडते बाप्पा, व्हरायटी चौकातला हवालदार तर सेल्फी काढते. हो, काढते. पण ज्या दिवशी कोणाला धक्का लागला त्या दिवशी इन्शुरन्सवाला आरसी काढते, त्यावर लिहिली असते मारुती ८०० अन् समोर उभी असते बिनदरवाज्याची रोडस्टर. मग त्या समोरच्या माणसाची भरपाई तुझ्या पगारातून. मला दंडाची तेवढी भीती नाही वाटत, हे दुसरं जे आहे त्याची वाटते.

मग उरलं काय? उरल्या त्या थोड्याशा गाड्या ज्या आपल्या देशात कमी संख्येने का होईना पण रीतसर विकल्या गेल्या. एक म्हणजे अलिबागजवळ कार्लेखिंडीला बनलेली चिंकारा रोडस्टर १.८ एस, सेव्हनच्याच घाटाची, फायबर बॉडी, आणि इंजिन इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल, म्हणजे काँटेसा क्लासिक आणि इसुझूवाल्या अँबॅसेडरच्या खानदानातलं. दुसरी सॅन स्टॉर्म, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली दोन सीटची फायबरची छोटी उघडी गाडी, तिचं इंजिन रेनोचं ११४९ सीसी. माझं मत विचारशील तर शिकणाऱ्याने पहिली पाहावी. कारण इसुझूच्या इंजिनवर काम केलेले अँबॅसेडरवाले जुने मेकॅनिक नागपुरात अजून आहेत, आणि पार्ट इथं नाही मिळाला तर कोलकात्याच्या मल्लिक बाजारात नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटला विचारता येते. स्टॉर्म दिसायला गोड आहे, पण ते रेनोचं इंजिन आपल्याकडच्या दुसऱ्या खपाच्या गाडीत आलंच नाही, मग पाण्याच्या पंपासाठी महिना महिना वाट पाहत बसावं लागते आणि तोपर्यंत गाडी पोर्चमध्ये कव्हरखाली झोपलेली.

आता गाडी पाहायला जाशील तेव्हाची गोष्ट. बॉनेटकडे नंतर जा. आधी आरसी हातात घे, एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाक, मॉडेलचं नाव, बॉडीचा प्रकार, सीटची संख्या, सीसी, इंधन, सगळं जुळते का पाह. मग चेसिस नंबर शोध आणि त्याच्यावर कागद ठेवून पेन्सिलने छापा घे. नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगची रेघ दिसली, पत्र्याचा तुकडा वेगळा जाड वाटला, की तिथूनच चहा पिऊन परत ये. गाडी पंधरा वर्षांच्या वरची असेल, आणि बहुतेक असेलच, तर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालं आहे का पाह, ते पाच पाच वर्षांचं होते, फिटनेस तपासून, आणि महाराष्ट्रात वरून पर्यावरण कर. लोनचा बोजा आरसीवर असेल तर फॉर्म ३५, मालकी बदलायला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर २८ म्हणजे एनओसी आणि इथं टॅक्स पुन्हा. गाडी स्वस्त आहे असं वाटते आणि पासिंगलाच लाखभर जाते असं मी लोकांचं होताना पाहतो, म्हणून भाव ठरवायच्या आधीच हा हिशोब आरटीओत विचारून ये.

इन्शुरन्सचंही आधीच विचार. थर्ड पार्टी तर लागतेच, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने १५०० सीसीच्या वरच्या खाजगी गाडीला ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी. प्रश्न येते तो ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, कारण अशा गाडीची किंमत ठरवायला कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये खानाच नसतो. दोन चार ठिकाणी फोटो आणि व्हॅल्युएशन देऊन विचार, नाही दिलं तर गाडी ठोकली की खर्च आपलाच आहे हे धरून चाल.

कागद जमले की मग खाली झोप. खरंच झोप, चादर घेऊन जा. सेव्हन टाईप गाडीचा जीव तिच्या चौकोनी पाईपच्या फ्रेममध्ये असतो, बॉडी नुसती टोपी आहे. कामठी रोडला एका शेडमध्ये अशीच एक पिवळी गाडी पाहायला एका पोट्ट्यासोबत गेलो होतो. वरून अशी चमकून राहिली होती की पोरगं फोनवर मोठ्या भावाला टोकन द्यायचं सांगूनही मोकळं झालं. मी टॉर्च घेऊन खाली गेलो आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पाईप ठोकत ठोकत पुढून मागे आलो. चांगला पाईप टणटण वाजते. ड्रायव्हरच्या सीटखालचा, मागच्या सस्पेन्शनचा आर्म जिथं बसते त्याच्या बाजूचा, तो भद्द वाजला. काळ्या रंगाला नखाने खरवडलं तर खालून पुट्टी निघाली. पुट्टी! फ्रेमच्या जॉइंटवर! वेल्डला तडा गेला होता आणि कोणीतरी तो भरून, घासून, रंगवून ठेवला होता. मालक म्हणे मला माहीतच नाही. असेलही नसेल माहीत. टोकन वाचलं.

तर ठोकून पाह. खास करून जिथं ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी पाईपवर रिव्हेटने बसवला आहे तिथं, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा म्हणजे गंज लागतोच, आणि तो पत्र्याच्या मागे लागते, दिसत नाही, रिव्हेटभोवती पांढरी पावडर दिसली तर समज. पावडर कोटिंग फुगलेलं असेल तर त्याच्याखाली गंज पसरलेला असते. सस्पेन्शनचे ब्रॅकेट, शॉकअपचे कान, सीट बेल्ट जिथं फ्रेमला लागते ते पॉइंट, स्टिअरिंग रॅकची बैठक, हे सगळं हाताने चाचपून पाह. फायबरमध्ये डेंट नसते, तडे असतात. वरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत वरच्या थराच्या आहेत, उन्हाने आणि छोट्या धक्क्याने येतात, त्याचं टेन्शन नको घेऊ. पण आतल्या बाजूने काचेचे धागे पांढरे पडून उघडे दिसले तर तिथं गाडी ठोकलेली आहे, आणि मग त्याच कोपऱ्यातली फ्रेम पुन्हा पाह.

इंजिन मी सगळ्यात शेवटी पाहतो, लोक उलटं करतात. इंजिन बदलता येते, उघडून बोअर मारता येते, नागपुरात लेथवाले काही कमी नाहीत. वाकडी फ्रेम सरळ करणारा मात्र शोधून सापडत नाही. तरी गाडी थंड असताना सुरू करायला सांग, आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचार. निळा धूर, पाण्यात तेल, एवढं तर तुझा कोणताही ओळखीचा मेकॅनिक पाहून देईल.

आणि एक गोष्ट जी कोणी मागत नाही: पार्टची वही. अशा गाडीत दहा गाड्यांचे भाग असतात, पुढचे ब्रेक एकाचे, मागची हाउसिंग दुसऱ्याची, लाईट तिसऱ्याचे, वायपरची मोटर चौथ्याची. कोणता भाग कोणत्या गाडीचा हे लिहिलेली वही मालकाकडे असेल तर त्या गाडीला मी पन्नास हजार जास्त द्यायला सांगेन, मजाक नाही. नसेल तर घेतल्या घेतल्या तुझं पहिलं काम ते. प्रत्येक फिल्टर, बेअरिंग, सील, पॅड, बेल्ट, त्याचा नंबर, कुठून आणला, केवढ्याला. घाट रोडच्या दुकानात काउंटरवर जाऊन 'रोडस्टरचे ब्रेक पॅड द्या' म्हणशील तर माणूस तुझ्याकडे पाहत राहील, आणि भागाचा नंबर सांगितला तर पाच मिनिटात काढून देईल.

गाडी घरी आली. आता पहिला महिना फिरायचा कमी आणि पाने मारायचा जास्त. हलक्या गाडीत रबराचे बूश कमी, कंपन जास्त, म्हणून नट ढिले होतात. सस्पेन्शन, स्टिअरिंग, इंजिन माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेक कॅलिपर, सगळे बोल्ट एकदा टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) बरोबर आवळ, आणि आवळल्यावर नटावरून फ्रेमवर पिवळ्या पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढ. पुढच्या रविवारी फक्त टॉर्च मारून पाहायचं, रेघ सरळ असली तर नट जागेवर, तुटली असली तर तो फिरला. दहा मिनिटांचं काम आहे आणि यानं जेवढे जीव वाचतात तेवढे महागड्या ब्रेकनेही नसतील वाचत. नायलॉनवाला नट एकदा काढला की फेकून नवा लाव, दोन पाच रुपयाला काय कंजुषी करायची. जॅक लावताना फ्लोअरच्या पत्र्याला नको लावू, फ्रेमच्या पाईपला लाव, मध्ये लाकडाचा ठोकळा ठेव, आणि स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही, कोणी कितीही अनुभवी असला तरी.

टायरचं सांगतो कारण इथं नागपुरात जवळपास सगळेच चुकतात. पंपावर गेला की हवा भरणारा पोरगा न विचारता बत्तीस मारते, त्याचा काही दोष नाही, त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या गाड्या नऊशे हजार किलोच्या. केटरहॅम सेव्हन साधारण पाचशे साडेपाचशे किलोची असते आणि तिला थंड टायरमध्ये अठरा ते वीसच्या आसपास हवा पुरते. तिच्यात बत्तीस भरली की टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला लागते, गाडी खड्ड्यावर उड्या मारते, ओल्या रस्त्यावर मागून घसरते, आणि मालक म्हणते सस्पेन्शन खराब आहे. तुझी गाडी जड असेल तर आकडा थोडा वर जाईल, म्हणून आधी काट्यावर वजन कर, वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे धर्मकाटे आहेतच. मग स्वतःचा गेज घे आणि एक एक पॉइंट कमी जास्त करून, टायरची घासण पाहून ठरव. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्या कमी चालतात म्हणून टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असते. सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर किमतीतून चार टायरचे पैसे कापून घे.

आता ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ डिग्री नोंदलं गेलं होतं, आणि मे मध्ये पारा बहुतेक वेळा पंचेचाळीसच्या आसपास जाते. या गाड्यांचं डिझाइन मुळात इंग्लंडच्या थंडीतलं. रेडिएटर नाकात लहानसा, पुढून हवा येते खरी पण रेडिएटरच्या बाजूच्या फटीतून निघून जाते, जाळीतून जातच नाही, कारण हवेला सोपा रस्ता आवडते. म्हणून मोठा रेडिएटर बसवायच्या आधी पन्नास रुपयाचा फोम आणि ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन त्या फटी बंद कर. कितीतरी गाड्यांचा काटा एवढ्यानंच खाली येते. मग फॅन वेळेवर सुरू होते का, त्याचं वारं योग्य दिशेनं आहे का (उलटी वायर जोडलेले फॅन मी पाहतो, हसू नको), रेडिएटरचं झाकण प्रेशर धरते का. नुसतं पाणी नको, कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं. पाणी बदलल्यावर हवा वरच्या होज पाईपमध्ये अडकून राहते आणि काटा एकदम वर जाऊन एकदम खाली येते, तेव्हा गाडीचं नाक थोडं वर उचलून झाकण उघडं ठेवून इंजिन चालव, बुडबुडे बंद होईपर्यंत. थंड इंजिनपासून सुरुवात करून हो, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

पेट्रोलचंही याच्याशीच नातं आहे. आता पंपावर मिळते ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाडीचे रबरी पाईप, कार्बोरेटरचे गॅस्केट, पंपाचा पडदा हे इथेनॉलने फुगतात, चिकट होतात, मग तडकतात. आणि हे सगळं गरम इंजिन अन् एक्झॉस्टच्या शेजारी, तिथं पेट्रोल गळलं तर पुढचं सांगायला नको. म्हणून घेतल्याबरोबर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे पाईप आणि क्लिपा नव्या, इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या, हा खर्च टाळायचा नाही, पॉलिश नंतर कर. दुसरं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असते, म्हणून साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागायचं ते ई२० ला साधारण १३.५ होते, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिक्श्चर पातळ पडते, पेट्रोल कमी अन् हवा जास्त. पातळ मिक्श्चर म्हणजे गरम इंजिन, आणि वरून आपला मे. चांगला कार्बोरेटरवाला असेल तर त्याला प्लगचा रंग पाहून जेट एक नंबर मोठा करायला सांग. दुपारी गाडी बंद करून वीस मिनिटांनी सुरूच होत नाही अशी तक्रार असते ती बहुतेक वेळा पेट्रोलची वाफ झाल्याची असते, सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नको, बॉनेट उघडून थांब, आणि पेट्रोलचा पाईप एक्झॉस्टपासून लांब घेऊन त्याला हीट स्लीव्ह घाल.

तसंही एप्रिल ते जूनमध्ये सकाळी आठच्या नंतर ही गाडी काढायची कशाला? डोक्यावर छप्पर नाही, पायाशी एक्झॉस्टची गरमी. उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात, बस. कोराडी, काटोल रोड, फेटरी. हिवाळ्यात मात्र रामटेक, पेंचकडे जा, चिखलदऱ्याचा घाट कर, तेव्हा कळेल लोक या गाडीसाठी येडे काऊन होतात ते. समृद्धीवर नेण्याचा मोह होईल, मला तो रस्ता या गाडीसाठी नाही आवडत. सरळ काँक्रीट, एकशे वीसची लिमिट, बाजूने ट्रक गेला की हलकी गाडी हेलकावते, आणि या गाडीची मजा वळणात आहे, सरळ रस्त्यावर तुला कोणतीही व्हर्ना मागे टाकेल.

ब्रेकला बूस्टर नाही, एबीएस नाही. पहिल्यांदा चालवशील तेव्हा वाटेल ब्रेक लागतच नाही, पेडल लाकडासारखं. ते तसंच असते, जोरात दाबायचं. पण दाबल्यावर पेडल हळूहळू खाली बसत असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल तर चालवायचं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, दोन वर्षांनी बदल, गाडी चालो न चालो. पावसात मागचं चाक चटकन सुटते, त्यामुळे पहिला पावसाळा तरी गाडी घरीच ठेव, आणि ठेवताना फ्लोअरची पाणी जायची भोकं मोकळी कर, पाचोळ्याने ती बंद होतात आणि पाणी फ्रेमच्या खालच्या पाईपपाशी साचते. उंदरांचं वेगळं सांगायला नको, वायरिंगला सगळ्यात मोठा शत्रू तोच.

वायरिंगवरून आठवलं. साध्या गाडीत बॉडी लोखंडाची, म्हणून कुठंही स्क्रू मारला की अर्थिंग मिळते. फायबरमधून करंट जातच नाही. प्रत्येक लाईट, हॉर्न, फॅनला अर्थिंगची वेगळी वायर फ्रेमपर्यंत न्यावी लागते, आणि फ्रेमला तिथं रंग खरवडून उघडं लोखंड लागते. आपल्या इलेक्ट्रिशियनला हे सांगावं लागते, नाहीतर तो सवयीने फायबरला स्क्रू मारून देते. इंडिकेटर लावला की हेडलाईट मिणमिणते, हॉर्न वाजवला की काटे नाचतात, असलं काही दिसलं की बल्ब, फ्यूज बदलत बसू नको, आधी अर्थिंग पाह. मल्टिमीटर घ्यायला शिक, तीनशे रुपयाचा मिळते: बंद गाडीत बॅटरी १२.६ च्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.४. बॅटरीचा कट ऑफ स्विच लावून घे, महिनाभर उभी राहिली तरी उतरणार नाही.

ऑइलचा चेंबर या गाडीत सगळ्यात खाली लोंबते आणि आपल्या वस्त्यांमधले स्पीड ब्रेकर तुला माहीतच आहेत, लग्नाचा मांडव काढला की उरलेल्या सिमेंटचा करतात. तिरपं घे, एक चाक आधी, एक मागून, आणि चेंबरखाली जाड पत्र्याची प्लेट लाव. चेंबर फुटला आणि ऑइलचा लाल दिवा न पाहता दोन किलोमीटर गेलास की इंजिन सीज. तो दिवा तुझ्या नजरेसमोर, मोठा आणि उन्हात दिसेल असा बसवून घे.

पैशाचं म्हणशील तर साडेसहा लाखाची गाडी घेऊ नको. साडेचार पाचपर्यंत थांब, बाकीचे हातात ठेव, टायर, पाईप, ब्रेक, बूश, पासिंग यात ते पहिल्या वर्षी जातातच. तेवढ्यात सरळ कागदाची गाडी मिळत नसेल तर एक जुनी कार्बोरेटरवाली मारुती झेन घे, ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, वजनाला हलकी, पार्ट सगळीकडे, आणि जे हात रोडस्टरवर बसवायचे ते तिच्यावर बसव. ब्रेक ऑइल बदल, जेट बदल, वॉटर पंप बदल. इथं बिघडवलंस तरी ऑटोने घरी येशील आणि दुसऱ्या दिवशी पार्ट मिळेल. पंचवीस सव्वीस वय आहे तुझं, रोडस्टर वर्षभराने घेतली तर काही बिघडत नाही, आणि तोपर्यंत तुला पाहणीला माझी गरजही नाही पडणार.

तोपर्यंत कुठली गाडी पसंत पडली तर फोटो पाठव. आरसीच्या दोन्ही बाजू, चेसिस नंबरचा छापा, आणि खालून फ्रेमचे, चारही सस्पेन्शनचे जवळून. बॉनेटचे आणि सनसेटमधले नको पाठवू, ते मालकाने आधीच जाहिरातीत टाकले असतील.